एचिगो-युझावा स्टेशनचं पोन्शुकान : 500 येन, 5 नाणी आणि बाबांचं 'तीर्थ'

आधीच कबूल करतो, जपानात येऊन चार वर्षं झाली तरी मला साके (तांदळाची जपानी दारू) आवडत नव्हती. कारण पहिला अनुभवच वाईट होता. ऑफिसच्या वेलकम पार्टीला टोकियोतल्या एका इझाकायात म्हणजे जपानी बारमध्ये (नाव जाऊ दे) कोणीतरी समोर चटका बसेल इतकी गरम तोक्कुरी (साकेची छोटी सुरई) ठेवली, नाकात सरळ स्पिरिटचा भपकारा, आणि दुसऱ्या दिवशी डोकं असं की ट्रेनच्या दाराचा आवाजपण सहन होत नव्हता. तेव्हापासून आपण बरे, आपली बिअर बरी. घरी कोणी विचारलं की सांगायचो, आंबलेल्या भाताचं पाणी आहे ते, काही विशेष नाही.

तर हे मत बदललं ते ह्या फेब्रुवारीत, आणि बदललं ते एका रेल्वे स्टेशनात. आईबाबा पुण्याहून महिनाभर आले होते, बाबांना बर्फ बघायचा होता आणि आईला 'फार चालायला लागणार नाही' अशी जागा हवी होती. आम्ही राहतो निशी-कासाईला, तिथून टोकियो स्टेशन आणि मग जोएत्सु शिनकान्सेन ह्या बुलेट ट्रेनने सव्वा तासात एचिगो-युझावा. तिकीट स्वस्त नाही, एका बाजूचे माणशी साडेसहा हजार येनच्या आसपास जातात. पण शेवटचा मोठा बोगदा संपला ना की खिडकीबाहेर एकदम सगळं पांढरंशुभ्र होतं, बाबा सीटवरून अर्धे उठलेच, तिथेच तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणा. बोगद्याच्या अलीकडे कोरडं ऊन आणि पलीकडे छपरांवर माणसाच्या उंचीएवढा बर्फ, हे मी चार वेळा बघितलंय तरी पटत नाही.

पोन्शुकान म्हणजे साके चाखायची जागा, एचिगो-युझावा स्टेशनच्या इमारतीतच आहे, म्हणजे बर्फात पाऊल न टाकतासुद्धा पोचता येतं. 'पोन्शु' म्हणजे निहोन्शुला लाडाने मारलेली हाक. आणि हो, जपानात 'साके' म्हटलं तर नुसती 'दारू' असा पण अर्थ होतो, आपण जिला साके म्हणतो ती मागायची तर निहोन्शु म्हणायचं. दारातच सूट-टायवाल्या दारुड्या साहेबांचे पुतळे आहेत, एक जमिनीवर आडवा पडलाय, एक बाटली घेऊन बसलाय. बाबांनी बघितल्या बघितल्या म्हटलं, "अरे, हा तर आमच्या बँकेच्या शाखेतला पासिंग ऑफिसर." फोटो अर्थात काढलाच, आईने लांब उभं राहून.

आत सिस्टीम एकदम सोप्पी. काउंटरवर 500 येन द्यायचे (मी गेलो तेव्हाचा भाव), एक छोटा कप आणि 5 नाणी मिळतात. भिंतीला लागून लॉकरसारखी मशीन्स, शंभराच्या वर, प्रत्येकात ह्याच निइगाता प्रांतातली एकेक साके. निइगातात नव्वदच्या आसपास भट्ट्या आहेत, जपानातल्या कुठल्याही प्रांतापेक्षा जास्त, आणि त्या जवळपास सगळ्या ह्या एका खोलीत भेटतात. कप खाली ठेवायचा, नाणं टाकायचं, बटण दाबायचं, दोन-तीन घोटांएवढी धार येते आणि थांबते. बाबांनी पहिला कप हातात घेतला, आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "ही दारू आहे की तीर्थ?"

त्या कपाबद्दल थोडं सांगतो कारण मला ते फार आवडलं. पांढरा चिनी मातीचा कप आणि तळाला दोन निळी वर्तुळं, एकात एक. मला वाटलेलं डिझाइन आहे. तर ते डिझाइन नाही, कामाची गोष्ट आहे. पांढऱ्यावर साकेचा रंग कळतो, पिवळट आहे का पाण्यासारखी, आणि निळ्याच्या कडेवर ती गढूळ आहे का नितळ ते कळतं. भट्टीतले लोकपण चाखायला असलाच पण मोठा कप वापरतात. एकदा हे कळल्यावर प्रत्येक वेळी आधी तळ बघायची सवयच लागली, आमच्यापैकी जास्त बाबांना, त्यांनी तीस वर्षं नोटा उजेडात धरून बघितल्यात.

आता चव. मी पहिली घेतली ती हाक्काइसान, तोकुबेत्सु होन्जोझो (हे प्रकारांचे शब्द पुढे सांगतो). हाक्काइसान ह्या डोंगराच्या नावाची भट्टी, युझावाच्या शेजारीच मिनामीउओनुमात, 1922 पासूनची. पहिल्या घोटाला वाटलं, अरे ह्यात काहीच नाहीये. दुसऱ्या घोटाला वाटलं की काहीच नाहीये हेच भारी आहे. थंड, स्वच्छ, घशातून उतरताना थोडीशी तांदळाची गोडी आणि मग एकदम गायब. निइगाताच्या साकेला म्हणतात 'तानरेई कराकुची'. तानरेई म्हणजे हलकी, नितळ. आणि कराकुची म्हणजे ड्राय, पण 'कराई' ह्या शब्दाचा रोजचा अर्थ तिखट. मी बाबांना शब्दशः भाषांतर करून सांगितलं ही माझी चूक, पुढची दहा मिनिटं ते "ह्यात मिरची कुठेय" म्हणून शोधत होते.

ही हलकी चव येते कुठून तर त्याच बर्फातून. वितळलेल्या बर्फाचं मऊ पाणी, ज्यात खनिजं कमी, आणि थंडी एवढी की आंबवण सावकाश होते. जुन्या काळी इथले शेतकरी हिवाळ्यात शेतं बर्फाखाली गेली की भट्ट्यांवर कामाला जायचे, त्यांतूनच एचिगो तोजी म्हणून कारागिरांची परंपरा झाली, तोजी म्हणजे भट्टीचा मुख्य कारागीर. तांदूळपण इथला वेगळा, गोह्याकुमानगोकू. नावाचा अर्थच पन्नास लाख कोकू (कोकू म्हणजे भाताचं जुनं माप), निइगाताचं भाताचं पीक तेवढं झालं त्याच्या आनंदात 1957 साली हे नाव दिलं. आपल्याकडे एखाद्या तांदळाला 'पन्नास लाख खंडी' नाव ठेवल्यासारखं झालं हे, पण मला मजा वाटली.

दुसरं नाणं जोझेन मिझुनोगोतोशीवर. ही खुद्द युझावाची, शिराताकी नावाच्या भट्टीची, आणि नावाचा अर्थ 'सर्वोत्तम ते पाण्यासारखं'. खरंच पाण्यासारखी आहे हो, फक्त नाकाला थोडा पिकलेल्या नासपतीचा वास. ज्याने आयुष्यात साके घेतली नाही त्याला मी हीच देईन. बाबा म्हणाले, "पाण्याला 100 येन?" म्हणजे त्यांच्यासाठी नापास.

तिसरं कुबोता मान्जूवर, ही नावाजलेली. जुन्माई दाइगिन्जो. इथे जरा थांबून हे शब्द सांगतो कारण बाटलीवर हेच लिहिलेलं असतं आणि मी चार वर्षं ते न वाचताच जगलो. तांदळाच्या दाण्याचा बाहेरचा भाग म्हणजे प्रथिनं आणि स्निग्धांश, त्याने चव जड होते, म्हणून दाणा घासतात. घासून 60 टक्के किंवा त्याहून कमी उरला की गिन्जो, 50 टक्के किंवा कमी उरला की दाइगिन्जो. म्हणजे अर्धा तांदूळ भुसा करून टाकायचा. (आई : "अगं बाई, मग त्या भुशाचं काय करतात?" बऱ्याचदा सेंबेई म्हणजे तांदळाची बिस्किटं वगैरे होतात त्याची, हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला.) जुन्माई म्हणजे फक्त तांदूळ, कोजी आणि पाणी. होन्जोझोमध्ये थोडं अल्कोहोल वरून घालतात. हे ऐकून आपल्याला लगेच भेसळ वाटते, मलाही वाटलेलं, पण ते मोजून असतं आणि त्याने वास मोकळा होतो, चव हलकी होते. आणि कोजी म्हणजे वाफवलेल्या भातावर वाढवलेली बुरशी, ती भाताची साखर करते आणि त्याच पिंपात त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं, दोन्ही कामं एकदम. 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोने ह्या कोजीवाल्या पारंपरिक कलेला वारसा यादीत घेतलं. हे सगळं मी बाबांना उभ्या उभ्या सांगत होतो आणि ते मान हलवत माझ्या कपातली मान्जू संपवत होते.

मान्जू छान आहे, त्यात वाद नाही. गुळगुळीत, वास मंद, कुठेच टोचत नाही. पण महाग आहे म्हणून ती मला सगळ्यांत जास्त आवडायला हवी होती आणि नाही आवडली, हे मला तिथे 100 येनात कळलं, बाटली विकत घेऊन कळलं असतं तर रडलो असतो. पोन्शुकानचा खरा फायदा हाच आहे. रेस्टॉरंटमध्ये आपण मेन्यूवरचा सगळ्यांत मोठा शब्द ऑर्डर करतो आणि मग पैसे दिलेत म्हणून आवडून घेतो. इथे एकाच कपात पाच मिनिटांच्या अंतराने दोन टोकं चाखता येतात, जीभ स्वतःच सांगते.

चौथं नाणं मी एका निगोरीवर टाकलं. निगोरी म्हणजे जाडसर गाळलेली, दुधाळ, भाताचे कण तरंगत असलेली. मराठी माणसाला समजावायचं तर आजारपणातली पेज, जिला थोडी नशा चढलीय. गोड, दाट, जिभेवर चक्क भात लागतो. एक कप मस्त, दुसरा नको. पाचवं एका यामाहाईवर (नाव लिहून घ्यायचं राहिलं, पाचवा कप होता, समजून घ्या). यामाहाईत बाहेरून तयार लॅक्टिक आम्ल न घालता ते नैसर्गिकरीत्या तयार होऊ देतात, त्याला वेळ लागतो आणि चव येते ती सरळ ताकाच्या घराण्यातली. आंबूस, थोडी मातकट, कडेला भाजलेल्या शेंगदाण्याची झाक. ही मला आवडली! निइगातात येऊन निइगातासारखी नसलेली साके आवडली, काय करणार.

बाबांचं गणित वेगळंच चाललं होतं. माणूस आयुष्यभर ओल्ड मंक आणि गरम पाणी ह्यापलीकडे गेलेला नाही. त्यांच्या पाचांपैकी चार कप "बरी आहे" ह्या शेऱ्याने संपले. मग मी आणखी 500 येनची नाणी आणली, आणि त्यांना किकुसुइची गेन्शु दाखवली. गेन्शु म्हणजे पाणी न मिसळलेली. साधी साके 15-16 टक्क्यांची असते, गेन्शु 18-19 ला जाते. (ह्याच किकुसुइची फुनागुची म्हणून पिवळ्या ॲल्युमिनियमच्या डब्यातली गेन्शु मिळते, 19 टक्के, ती 1972 पासून आहे, ट्रेनमध्ये लोक घेऊन बसतात, जपून.) बाबांचे डोळे जरा मोठे झाले. "हां. आता काहीतरी आलं."

मध्ये मध्ये तोंड साफ करायला तिथे मिठाची रांग आहे, वेगवेगळ्या जागची मिठं, चिमूटभर हातावर घेऊन चाटायची. आणि अख्खी काकडी, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) लावून खायची. साके आणि मीठ ही जोडी मला माहीतच नव्हती. मीठ चाटून तोच घोट परत घेतला की आधी न लागलेली गोडी पुढे येते, खरंच करून बघा, घरीसुद्धा. काकडी बघून आई खूश, तिने पर्समधून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा काढायला घेतला होता, मी कसंबसं थांबवलं, म्हटलं इथे नको, बाहेर बाकावर बसून खाऊ. नंतर बाहेर बर्फाकडे बघत त्या पुऱ्या खाल्ल्या आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की खिशात एक नाणं उरायला हवं होतं.

आईने अर्थात साके घेतली नाही. तिच्यासाठी आमाझाके, कोजीवाली, हिच्यात नशा नसते, त्याच बुरशीने भाताची केलेली गोडी असते, साखर एक दाणा न घालता. गरम गरम. तिचा पहिला प्रश्न "साखर खरंच नाही?" आणि दुसरा "हे घरी होतं का?" तिच्या मते ही वेलदोडा विसरलेली खीर आहे. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा, स्टेशनात हेगीसोबा (इथल्या गार नूडल्स) वगैरे छान मिळतं पण बुडवायच्या रसात बहुतेक माशांचा स्टॉक असतो. आम्ही तिथलाच बाकुदान ओनिगिरी घेतला, बाकुदान म्हणजे बॉम्ब, कोशिहिकारी तांदळाचा नारळाएवढा गोळा आणि आत उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ. आई म्हणाली इंद्रायणीसारखा चिकट आहे पण वास आंबेमोहराची सर नाही. तिचा निकाल अंतिम.

आता खरी गोष्ट. स्टेशनाबाहेर एका छोट्या जेवणाच्या जागी आम्ही दुपारी बसलो, मालकीणबाई साठीच्या पुढच्या, आणि त्यांनी बाबांना विचारलं गार का गरम. मला ती टोकियोची चटका देणारी तोक्कुरी आठवली, मी "गार" म्हणणार तेवढ्यात बाबा म्हणाले "गरम सांग, बाहेर बर्फ पडतोय आणि गार काय पितोस." बाईंनी साधी होन्जोझो काढली, तोक्कुरी गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली, आणि तिच्या तळाला बोट लावून बघत राहिल्या. थर्मामीटर नाही, काही नाही. गरमपणाला जपानीत पायरीपायरीने नावं आहेत, 35 अंशाला हितोहादा म्हणजे माणसाच्या अंगाइतकी ऊब, 40 ला नुरुकान, 45 ला जोकान, 50 ला आत्सुकान. बाईंनी दिली ती जोकानच्या आसपासची असावी. वाफ नाही, भपकारा नाही, नुसता भात शिजतानाचा वास, झाकण किलकिलं केल्यावर येतो तो. मी एक घोट घेतला आणि त्या इझाकायाला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या.

बाबा काही बोललेच नाहीत. बोंबलासारखा कसलासा सुका मासा भाजून आला होता तो मोडत, बाहेर बघत, एक गो संपवली. गो म्हणजे 180 मिली. मग म्हणाले, "ही कितीची?" मी सांगितलं, आपण सकाळपासून घेतलेल्यांतली बहुतेक सगळ्यांत स्वस्त. "मग ते दाइगिन्जो का काय ते लोक कशाला घेतात?" ह्याचं उत्तर असं की दाइगिन्जोचा फुलाफळांचा वास गार असताना खुलतो, तापवला की उडून जातो, आणि होन्जोझो किंवा जाडीभरडी जुन्माई गरम केली की उघडते. चांगली-वाईट असा तो फरक नाहीच आहे. पण बाबांना तोवर उत्तरात रस उरला नव्हता.

थोडं कामाचं. पोन्शुकानमध्ये बसून प्यायची जागा नाही म्हटलं तरी चालेल, उभ्यानेच सगळं, त्यामुळे गुडघेवाल्या मंडळींनी मध्ये ब्रेक घ्यावा. कपाच्या बरोबरीने पाणी प्यायचं, ह्याला यावारागी-मिझु म्हणतात, पाच कप 'तीर्थ' म्हणून हसता हसता जातात आणि मग जिना दिसतो. वय 20 पूर्ण हवं. गाडी घेऊन जाऊ नका, जपानात दारू पिऊन गाडी चालवली तर चालवणारा तर अडकतोच, बरोबर बसलेलापण अडकू शकतो. मशीनवरच्या पट्ट्यांवर एक प्लस-मायनसचा आकडा असतो, प्लस जितका मोठा तितकी ड्राय, मायनस म्हणजे गोडीकडे, माझ्यासारखी कांजी (जपानी चित्रलिपी) कच्ची असेल तर एवढं बघितलं तरी निवड जमते. शेजारी साके घातलेल्या गरम पाण्याचं स्नानगृहपण आहे, मी गेलो, बाबा लाजले. पाण्याला साकेचा वास फारसा आला नाही पण नंतर अंग मात्र तासभर गरम होतं. शनिवार-रविवारी स्कीइंगवाल्यांची गर्दी असते, मी शनिवारी गेलो ही माझी अक्कल.

दुकानातून पुण्याला न्यायला बाटल्या घेतल्या. भारतात माणशी 2 लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही, म्हणजे 720 मिलीच्या दोन आरामात. नामा म्हणजे पाश्चराइज न केलेली घेऊ नका, तिला सतत फ्रिज लागतो, मुंबई विमानतळ ते पुणे एवढ्या प्रवासात तिचं ताक होईल. बाबांनी दोन्ही बाटल्या होन्जोझोच्याच घेतल्या, मी दाइगिन्जो सुचवली तर "ते तुमच्या ऑफिसच्या साहेबाला दे" म्हणाले. बरोबर निळ्या वर्तुळांचे दोन कपपण घेतले.

ते कप बॅगेत फुटले. पोचल्यावर तिसऱ्या दिवशी बाबांचा व्हिडिओ कॉल, चहाच्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचा तांब्या, तांब्यात होन्जोझो, आणि तळाला बोट लावून हे उभे, चटका बसला की हात झटकतायत. ताटात सुकट. शेजारचे काका पाहुणे. आणि प्यायला काय, तर देवघरातल्या दोन चांदीच्या वाट्या, म्हणाले माप अगदी बरोबर आहे. एवढ्यात मागून आई आली, वाट्या घेतल्या, आणि कॉल कट झाला.